नवव्या मिनिटाचे डॉक्टर

परवा कॉलेज रोडवरच्या एका चकचकीत दुकानात शिरलो होतो. घ्यायची होती साधी पाण्याची बाटली. काउंटरमागच्या गृहस्थांनी माझ्या काखेतलं हेल्मेट पाहिलं, बुटांवरचा चिखल पाहिला आणि एखादं खासगी दुखणं विचारावं तशा खालच्या आवाजात विचारलं, "सर, डर्ट बाइक चालवता? आर्म पंपचा त्रास आहे?" गंमत म्हणून आहे म्हणालो. लगेच माझ्यापुढे पावडरीचे तीन डबे मांडले गेले. एक शर्यतीआधी, एक शर्यतीत, एक शर्यतीनंतर. तीन महिने घ्या, त्रास विसराल, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. मला हसू आवरेना. तीन डबे! आमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक या गृहस्थांना दाखवलं असतं, तर त्यांनी शटर ओढून शिष्यत्व पत्करलं असतं.

डॉक्टर म्हणजे प्रल्हाद शेटे. वैद्यकशास्त्राशी त्यांचा संबंध एवढाच, की निफाडला त्यांचं खतं-औषधांचं दुकान आहे, आणि आमच्याकडे द्राक्षबागेला औषध सांगणाऱ्या प्रत्येक माणसाला डॉक्टर म्हणायची रीत आहे. ज्यांच्याकडे पदवी असते ते घसा बघून गोळी देतात. हे पान बघून देतात. चूक झाली तर बोंबलणारा माणूस दोन्हीकडे सारखाच, असं डॉक्टर स्वतःच म्हणायचे.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात सभ्य माणसं सकाळी चालायला लागतात, त्या वयात त्यांनी डर्ट बाइक घेतली. देवळालीच्या अंगाला माळावर आमचं मैदान आहे. मातीचे उंचवटे, खड्डे, वळणं. दर रविवारी आम्ही दहा-बारा जण तिथे आपापली हाडं घेऊन जातो आणि बहुतेक वेळा सगळी परत आणतो. डॉक्टर पहिल्याच महिन्यात गळ्याजवळचं एक हाड मोडून घेऊन गेले.

तेव्हाच मंगलवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फर्मान काढलं: गाडी विका. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत तह केला. एक रेस, फक्त एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करू दे. झेंडा पडला की गाडी बंद, परत मैदानाचं तोंड बघणार नाही. देवासमोर उभं राहून शब्द दिला. वहिनींना वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. झाली चार वर्षं.

कारण डॉक्टरांची रेस नवव्या मिनिटाला संपायची. चाळिशीवरच्यांच्या गटाची रेस पंधरा मिनिटं आणि वर एक फेरी. आठ मिनिटं डॉक्टर झोकात चालवायचे. मग त्यांचा हात भरायचा. आर्म पंप म्हणतात तो हाच. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग फुगून लाकडासारखा टणक होतो. बोटं आपलीच असतात, पण ऐकत नाहीत. ब्रेक दाबायचा म्हटलं तर बोट नुसतं लिव्हरवर ठेवलेलं राहतं. नवव्या मिनिटाला डॉक्टर कडेला यायचे, गाडी टेकवायचे आणि दोन्ही हात पुढे धरून झोपेत चालल्यासारखे आमच्याकडे यायचे. माझा गट वेगळा, त्यामुळे हेल्मेटचा पट्टा मी सोडायचा, पाण्याची बाटली सलीमने तोंडाला लावायची. सलीमचं देवळाली कॅम्पात गॅरेज आहे आणि आम्हा सगळ्यांच्या गाड्या तोच जिवंत ठेवतो.

दुसरा कोणी असता तर त्याने कोणाला तरी विचारलं असतं. डॉक्टरांना लोक विचारतात. ते कोणाला विचारणार? त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच निदान केलं. "नितीनभाऊ," मला म्हणाले, "हात म्हणजे काय? वेलाची काडी. काडीत रस चढतो पण उतरत नाय. हे सगळं अन्नद्रव्याचं काम हाय. शेड्यूल बसवू."

आणि शेड्यूल बसलं. द्राक्षाच्या बागेत सगळा हिशोब छाटणीपासूनच्या दिवसांचा असतो. कितव्या दिवशी काय फवारायचं हे ठरलेलं. डॉक्टरांनी रेसचा हंगाम तसाच मांडला, स्वतःबरोबर सलीमसाठी आणि मैदानावरच्या बाकीच्यांसाठीही. फोन केला की रामराम नाही, तब्येत नाही, पहिला प्रश्न, "कितवा दिवस?" सलीम बिचारा कॅलेंडर बघून सांगायचा, "अठ्ठाईसवा, डॉक्टर." मग पलीकडून, "मग आज मॅग्नेशियम. रात्रीचं. जेवणावर." पहिले पंधरा दिवस पोटॅशियमसाठी केळी आणि शहाळी. मग मॅग्नेशियम. मग सिट्रुलिन नावाची एक आंबट पावडर, जिच्याने म्हणे रक्तवाहिन्या सैल होतात. मग बीटरूटचा रस, तोही त्याच कारणासाठी. प्रत्येक डोसात अर्धा चमचा मध. मध कशाला, तर "स्टिकर". औषध पानावरून ओघळू नये म्हणून फवारणीत चिकट द्रावण टाकतात, त्याला स्टिकर म्हणतात. सलीमच्या आतड्यावरून औषध ओघळू नये, ही काळजी.

पाठीवर पाण्याची पिशवी आणि तोंडापर्यंत नळी, अशी सोय मोटरसायकलवाल्यांकडे असते. डॉक्टर तिला ड्रिप म्हणायचे. एकदा नळी गुळाच्या पाण्याने चोंदली, तर त्यांनी बागेतल्या ठिबकच्या नळ्या धुतात तशी ती आम्लाने धुतली. लिंबाचंच आम्ल होतं, पण ते पुन्हा साध्या पाण्याने धुवायचं विसरले आणि पहिल्याच उडीवर मोठा घोट घेतला. त्या दिवशी रेस नवव्या मिनिटापर्यंतही गेली नाही. शेड्यूलच्या वहीत मात्र नोंद झाली, "नळी स्वच्छ."

बीटरूटचा पहिला रविवार आमच्या मैदानाच्या इतिहासात राहील. डॉक्टरांनी रस सगळ्यांना पाजला, परिणाम कोणालाच सांगितला नाही. तासाभराने बाभळीच्या आडोशाला गेलेला सलीम ओरडतच परत आला. "डॉक्टर! खून! अल्ला कसम, खून जा रहा है!" डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, वही उघडली आणि शांतपणे म्हणाले, "पासष्ट मिनटं. चांगलं शोषलंय." सलीमने महिनाभर त्यांच्या गाडीला हात लावला नाही.

येवल्याचा प्रसंग मी पाहिला नाही, पण वहिनींकडून इतक्या वेळा ऐकलाय की पाहिल्यासारखाच आहे. वहिनींच्या भाचीचा साखरपुडा होता. डॉक्टरांनी त्याच सकाळी बीटा-अ‍ॅलानिन नावाची नवी पावडर सुरू केली. डब्यावर एक चमचा लिहिलेलं. पण चमचा कोणता? डॉक्टरांनी दुकानातला घेतला, ज्याने ते शंभर लिटरच्या टाकीत औषध टाकतात. या पावडरीचा गुण असा, की जास्त झाली की अंगाला मुंग्या येतात. येवल्यात पोचेपर्यंत कान, मग गाल, मग मान. पैठण्या नेसलेल्या बायका समोर, सोयरे बसलेले, आणि मुलीचे मावसे पहिल्या रांगेत दोन्ही हातांनी तोंड खाजवताहेत. नवरदेवाच्या मामांनी शेवटी विचारलं, "पाव्हणं, ॲलर्जी हाय का काय?"

"ॲलर्जी नाय," डॉक्टर म्हणाले, "रिझल्ट हाय."

"चार माणसांत माझी मान खाली," वहिनी सांगायच्या, "आणि वर म्हणे रिझल्ट! आन् खरी गंमत पुढंच. त्या मामांनी आपल्या गुडघ्यासाठी तीच पावडर मागून घेतली. हे गेले की लगेच देऊन आले!"

आता माझं सांगतो. मला डॉक्टरांनी कधीच काही दिलं नाही. चार वर्षांत चिमूटभर पावडर नाही की घोटभर रस नाही. मी कोरी ओळ होतो. नवीन औषध मारताना शहाणा बागायतदार एक ओळ मुद्दाम कोरी ठेवतो. बाकी बाग आणि ती ओळ शेजारी शेजारी बघितली की औषधाने काय केलं ते कळतं. ही सवय डॉक्टरांना हौसेने लागलेली नव्हती. उमेदीच्या वर्षांत त्यांनी दोन औषधं एकत्र करून एका शेतकऱ्याला दिली आणि त्याची अख्खी बाग पानं करपून उभी राहिली. "तो माणूस भांडला असता तर बरं झालं असतं," एकदा म्हणाले. "दुकानात आला, बसला, चहा पिला, गेला. दुसऱ्या हंगामाला परत माझ्याकडंच आला. तवापासून मी एक ओळ कोरी ठेवल्याशिवाय कुणाला काय देत नाय." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांची चेष्टा करायचो, आजही करतोय, पण त्या दिवशी केली नाही.

तर कोरी ओळ म्हणून वहीत माझी नोंद असायची. दर रेसनंतर डॉक्टर येऊन माझा हात दाबून बघायचे आणि लिहायचे, "नितीन. काही नाही. हात नरम." दर वेळी. औषध घेतलेल्यांचे हात कधी नरम, कधी टणक. स्वतः डॉक्टरांचा कायम टणक. आणि केळंसुद्धा न खाल्लेला माझा नरम. मी सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. असा तक्ता माझ्यासमोर आला तर मी मशीन बंद करायला सांगतो. डॉक्टरांनी विचार केला आणि निष्कर्ष काढला, "तुमचा खुंटच वेगळा हाय." म्हणजे ज्या जंगली मुळावर द्राक्षाचं कलम बांधतात, तो. माझ्या आईवडिलांबद्दल इतकं तिरकं आणि इतकं आदराने कोणीच बोललेलं नाही.

सगळ्यात मोठा शोध मला तिसऱ्या वर्षी लागला. रेसच्या सकाळी आम्ही मैदानावर चहा घेत होतो. मी सहज विचारलं, "डॉक्टर, आज काय काय घेतलंय?"

"काय नाय."

"म्हणजे?"

"एकवीस दिवसांपासून सगळं बंद. काढणी हाय ना आज."

मला आधी कळेना, आणि कळल्यावर चहा नाकात गेला. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाला काढणीच्या आधी ठरावीक दिवस फवारणी बंद ठेवावी लागते, नाहीतर मण्यात औषधाचा अंश सापडतो आणि माल परत येतो. डॉक्टरांच्या लेखी रेस ही काढणी. अडीच महिने मन लावून सगळं खायचं, आणि ज्या दिवसासाठी खाल्लं त्याच्या तीन आठवडे आधी सगळं थांबवायचं. बीटचा परिणाम जेमतेम दिवसभर टिकतो, हे त्यांच्याच वहीत लिहिलेलं होतं.

"अहो, मग रेसमध्ये तुम्ही असता कशावर?"

"चहावर," डॉक्टर म्हणाले. "आन् समजा तपासणी लागली तर? अंश सापडला तर?"

चाळिशीवरच्यांच्या गटात त्यांचं रक्त तपासायला कोण येणार होतं? आमच्या गाड्यांचे कागद तपासायलासुद्धा कोणी येत नाही. पण डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांना बजावलेला नियम स्वतःसाठी मोडला नाही. त्या दिवशीही ते नवव्या मिनिटाला हात पुढे धरून आले. वहिनी घरी वाट बघत होत्या. पहिल्या वर्षी ज्यांना गाडी विकायची होती, त्या आता रोज पहाटे बीट किसून पिळत होत्या. "एकदाचा पडू दे तो झेंडा," मला फोनवर म्हणायच्या. "माझे तळहात बघा भाऊ, मेंदी लावल्यागत झालेत."

मूळ कारण मला सलीमच्या गॅरेजात सापडलं, तेही अगदी योगायोगाने. तो डॉक्टरांच्या गाडीच्या मुठींची रबरं बदलत होता. "दो महिने में खतम करते," म्हणाला. माझी रबरं दोन वर्षं चालतात. मी ते काढलेलं रबर हातात घेतलं. चार बोटांच्या चार खोल खाचा, अंगठ्याची पाचवी. माणूस हँडल धरत नव्हता, पिळत होता. आठ मिनिटं सतत मूठ आवळली तर कोणाचाही हात भरेल, मग त्याने केळी खाल्लेली असोत की सोनं.

शनिवारी निफाडला गेलो. दुकानात ते रबर काउंटरवर ठेवलं आणि सरळ सांगितलं, "डॉक्टर, तुम्ही फार घट्ट धरता. बाकी काही नाही."

मला वाटलं चिडतील. त्यांनी रबर उचललं, खाचांत आपली बोटं बसवून बघितली. बरोबर बसली. एक गिऱ्हाईक आलं, त्याला भुरीचं औषध दिलं, पाण्याचं प्रमाण दोनदा सांगितलं, तो गेला. मग म्हणाले, "भीती वाटते हो, नितीनभाऊ. पडलो त्या दिवसापासून. सैल सोडला की पडीन असं वाटतं."

चार वर्षांचं शेड्यूल, अडीच वह्या, आणि त्याच्या मुळाशी हे एवढंसं वाक्य. मला त्यांच्याबद्दल इतकी माया त्या क्षणापर्यंत कधी वाटली नव्हती.

मी म्हणालो, "गुडघ्यांनी टाकी धरा. हातांनी नुसतं हँडल सांभाळा. तोडणीला तुम्ही घड कसा धरता?"

"देठाला," ते लगेच म्हणाले. "मण्यावरची पांढरी भुकटी पुसली नाय पाहिजे."

"तसं."

पुढचे सहा रविवार त्यांनी तेवढंच केलं. माळावर हळूहळू फेऱ्या मारायचे आणि हेल्मेटच्या आतून स्वतःलाच ओरडायचे, "देठाला! देठाला!" लोकांना वाटायचं मंत्र म्हणताहेत. पावडरी मात्र बंद केल्या नाहीत. "एका वेळी दोन बदल केले तर कशानं फरक पडला ते कसं कळंल?" एकवीस दिवस आधी सगळं रीतसर थांबलं.

जानेवारीतला रविवार होता. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच मैदानावर आल्या. डॉक्टरांनी फक्त "या टायमाला तू ये" एवढंच सांगितलं होतं. जेवणाचा डबा, शाल आणि हाडं मोडली तर उपयोगी पडेल म्हणून फ्रॅक्चरची जुनी फाइल, असं सगळं घेऊन त्या दोरीजवळ उभ्या राहिल्या.

रेस सुरू झाली. डॉक्टर शेवटून तिसरे. आठवं मिनिट गेलं. सलीम सवयीने पाण्याची बाटली घेऊन उठला. नववं मिनिट लागलं. डॉक्टर आमच्या समोरून गेले, कोपरं बाहेर, खांदे सैल, आणि कडेला आले नाहीत. सलीम उभाच राहिला. दहावं. अकरावं. वहिनींनी विचारलं, "बिघडलं का काही?" मी म्हणालो, "नाही वहिनी, पहिल्यांदाच काही बिघडलेलं नाही." त्यांनी शालीचा कोपरा तोंडाला लावला.

चौदाव्या मिनिटाला डॉक्टर सगळ्यांच्या मागे पडले होते. पुढचे सगळे शेवटची फेरी संपवून आत आले, गाड्या बंद झाल्या, माळावर एकाच गाडीचा आवाज उरला. झेंडेवाला मात्र भला माणूस, थांबला. शेवटच्या उंचवट्यावरून डॉक्टर खाली आले. झेंडेवाल्याने जीव तोडून काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा फडकवला. आम्ही ओरडलो. डॉक्टर रेषा ओलांडून त्याच्यासमोरून गेले आणि थांबलेच नाहीत. सरळ पुढच्या फेरीला निघाले.

"अरे, संपली, संपली!" झेंडेवाला ओरडला. मी कपाळावर हात मारला. चार वर्षांत शेवटपर्यंत पोचलाच नाही हा माणूस. याला झेंडा म्हणजे काय तेच माहीत नाही! पुढच्या रेससाठी धूळ बसवायला पाण्याचा टँकर आत घुसत होता. मी डॉक्टरांना अडवायला धावणार, एवढ्यात वहिनींनी माझं मनगट धरलं.

"दिसलाय त्यांना झेंडा," त्या म्हणाल्या. "चांगला दिसलाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झेंडा पडला की गाडी बंद. देवासमोरचा शब्द. जो माणूस कधीच न होणाऱ्या तपासणीसाठी एकवीस दिवस आधी पावडर थांबवतो, तो शब्द मोडणार नाही. आता गाडी थांबली की कायमची थांबणार, म्हणून ही शेवटची फेरी. आणि हे घडवून आणलं होतं मी. ते रबर उचलून निफाडला गेलो नसतो, तर डॉक्टर दर रेसला नवव्या मिनिटाला हात पुढे धरून येत राहिले असते, आणि दर रविवारी मला भेटत राहिले असते. आपण शहाणपणा केला याचं इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं.

वहिनी तोवर दोरीखालून वाकून मैदानात शिरल्या होत्या. फाइल काखेत, शाल लोंबतेय, अशा त्या टँकरच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"जरा पाच मिनिटं थांबा दादा," ड्रायव्हरला म्हणाल्या. "आमचे साहेब अजून फिरतायत."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पलीकडच्या वळणावर डॉक्टर अगदी सावकाश चालले होते, उंचवट्यावर चढत होते, उतरत होते, कसलीही घाई नसल्यासारखे. वहिनी टँकरसमोरून हलल्या नाहीत.